दादांचे लांब विमान

आमच्या टिळकवाडीच्या घरी माडीवरच्या शिसवी कपाटाच्या माथ्यावर दोन खोके पाव शतकाहून अधिक काळ पडून होते. दोन्ही अगदी सारखे. दोन्हींवर तेच चित्र, ढगांतून वर निघालेल्या चार इंजिनांच्या बोइंग ७०७ चे. दर दिवाळीला ते खाली उतरत, फडक्याने पुसले जात आणि पुन्हा वर जात. उघडले मात्र कधीच गेले नाहीत. या सदरातून आम्ही एरवी सणवार, शेजारधर्म, मुलांचे शिक्षण अशा विषयांवर वाचकांशी बोलत असतो. या खेपेस त्या दोन खोक्यांची हकीकत सांगावी असे मनात आहे. विषय खेळण्यातल्या विमानाचा दिसतो म्हणून वाचकांनी पान उलटण्याची घाई करू नये, एवढीच विनंती.

खोके आमच्या थोरल्या बंधूंचे. दादांना विमानांचे वेड लागले ते सांबऱ्याच्या कुंपणाशी. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, ब्रिटिशांनी बेळगावजवळ सांबऱ्याला धावपट्टी बांधली. पुढे तेथे आपल्या हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आले. शाळा सुटल्यावर सायकलवर डबलसीट बसून आम्ही दोघे तिकडे जात असू. दादा आकाशाकडे पाहत आणि आम्ही, खरे सांगायचे तर, परतीच्या वाटेवरच्या उसाच्या रसाकडे. १९६० साली एअर इंडियाचे पहिले बोइंग ७०७ आले. 'गौरीशंकर' हे त्याचे नाव. त्याचे वर्तमानपत्रातले छायाचित्र दादांनी कापून वहीत चिकटवले. ती वही त्यांनी जन्मभर सांभाळली. दादा यथाकाल हवाई दलात तंत्रज्ञ झाले, गावोगावच्या ठाण्यांवर राहिले आणि निवृत्तीनंतर बेळगावला परतले. १९९८ साली मुंबईहून येताना त्यांनी हे दोन जोडसंच आणले. एक कशाला आणि दोन कशाला, असे वहिनींनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "दोहोंचे एक करायचे आहे."

त्या उत्तराचा अर्थ आम्हांला पुष्कळ वर्षांनी, दादा गेल्यानंतर, त्यांची वही वाचून कळला.

१९६० च्या दशकात अमेरिकेत डग्लस कंपनीचे डीसी-८ आणि बोइंग कंपनीचे ७०७ ही दोन जेट विमाने एकमेकांची प्रतिस्पर्धी होती. प्रवासी वाढू लागले, तेव्हा डग्लसने नवे विमान न आखता जुनेच लांबवले. विमानाचे धड मधल्या भागात सरळ नळकांड्यासारखे असते. त्या नळकांड्यात पंखांच्या पुढे २० फुटांचा आणि मागे १६ फूट ८ इंचांचा असे दोन तुकडे वाढवून १९६६ साली लांब डीसी-८ उडाले. दाटीवाटीने बसवले तर त्यात २५९ माणसे मावत. बोइंगनेही ७०७ लांबवण्याचे आराखडे केले होते. पण ते कागदावरच राहिले आणि कंपनी ७४७ या प्रचंड विमानाच्या मागे लागली. दादांना ही गोष्ट लागून राहिली होती. जे डीसी-८ ला जमले ते आपल्या ७०७ ला का जमू नये? जे विमान कोणी बांधलेच नाही ते निदान प्रतिकृतीत तरी बांधावे, एअर इंडियाच्या रंगात रंगवावे, असा त्यांचा बेत होता. वहीत सगळी मापे काढून ठेवली होती. संच १:१४४ या प्रमाणातले. त्यात खरा १२ फूट म्हणजे एक इंच. पुढचा तुकडा ४२ मिलिमीटर, मागचा ३५. मूळची सुमारे ३२४ मिलिमीटरची प्रतिकृती ४०१ मिलिमीटरची होणार होती. शेवटच्या पानावर विमानाची बाजूने काढलेली आकृती होती. तिच्या पोटाखाली एकच शब्द आणि एक चिन्ह : "चाके?"

गेल्या वर्षी आमच्या निपाणीच्या धाकट्या भगिनीचा नातू अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी बेळगावला आमच्याकडे राहावयास आला. मुलगा अबोल, पण हातांनी बोलणारा. घरातले मिक्सर, पंखे, आमचा जुना रेडिओ यांची त्याने पहिल्या महिन्यातच विचारपूस केली. दर पंधरवड्याला तो निपाणीला जाई. वाटेत हत्तरगी लागते. प्रवासी त्या गावाला टोलनाक्यामुळे ओळखतात. परंतु त्याच परिसरात २००९ पासून एक्वस या उद्योगसमूहाचे विशेष आर्थिक क्षेत्र आहे आणि एअरबस व बोइंग यांच्या विमानांना लागणारे सुटे भाग तेथे घडवले जातात. आमच्या पिढीने त्या बाजूला तंबाखूची आणि उसाची शेते तेवढी पाहिली. या मुलाच्या दृष्टीने मात्र विमान ही बेळगाव-निपाणी रस्त्यावरची वस्तू होती. एका दिवाळीला खोके पुसावयास खाली आले, तेव्हा त्याने वहीही वाचली आणि वहिनींसमोर येऊन उभा राहिला. "आजी, हे मी कापू का?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

ही बातमी निपाणीला पोचली आणि पुढच्या रविवारी मुलाचे वडील, म्हणजे आमचे भाचे, समक्ष आले. तंबाखूच्या व्यापारातला माणूस, हिशेब तोंडपाठ. "मामा," ते म्हणाले, "दोन चांगली विमाने मोडून एक खोटे विमान करायचे, हा कुठला व्यवहार? जुन्या, न उघडलेल्या खोक्यांना शौकीन लोक चांगली किंमत देतात म्हणे. आणि याची परीक्षा तोंडावर आहे." त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. मोडले की ते पुन्हा मिळणार नव्हते. आमच्या मनातही चलबिचल होती, मात्र तिचे कारण वेगळे होते. दादांच्या हातची शेवटची ठेवलेली वस्तू जशीच्या तशी राहावी, असे आम्हांला वाटत होते. खोके जागच्या जागी होते तोवर दादांचा बेत अजून चालू आहे, असा एक भास घरात टिकून होता.

निकाल वहिनींनी दिला. चहाचे कप ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "भावोजी, ते आणखी दहा वर्षे असते तरी खोके तसेच राहिले असते. करवत आणून ठेवली होती त्यांनी. दोनदा हातात घेतली नि दोनदा ठेवली. हात धजला नाही. या पोराचा धजतोय, तर कापू दे."

मग आमच्या माडीवर विमानाचा कारखाना सुरू झाला. लांब विमान करायचे म्हणजे एकाचे धड घ्यायचे आणि दुसऱ्यातून चकत्या कापून मध्ये घालायच्या, असे आम्हांला वाटले होते. प्रत्यक्षात काम नाजूक. धडाच्या डाव्या-उजव्या बाजू आधी चिकटवून नळी पुरी गोल करायची, मग कापायचे. नाहीतर दोन्ही बाजूंचे काप जुळत नाहीत. कापण्याच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून सरळ रेघ मिळवायची. करवतीचे पातेही थोडे प्लॅस्टिक खाते, म्हणून चकती मापापेक्षा किंचित मोठी कापायची आणि पॉलिशपेपरवर घासत मापावर आणायची. सांधा नुसत्या कडेवर टिकत नाही. आतून पट्ट्यांचे अस्तर द्यावे लागते. बाहेरून पुट्टी भरायची, वाळू द्यायची, घासायची, पुन्हा भरायची. नाकाच्या पोकळीत शिशाचे छर्रे बसवायचे, नाहीतर तीन पायांवरचे विमान मागे कलंडते. पहिला काप घेताना विमान धरून ठेवण्याचे काम आमच्याकडे होते. आमचा हात थरथरला आणि काप अर्ध्या मिलिमीटरने वाकडा गेला. नातू काही बोलला नाही. त्याने लाकडाचा एक चिमटा तयार केला आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या जागी त्याची नेमणूक झाली.

तीन आठवड्यांनी लांब विमान पायांवर उभे राहिले. वहीतल्या मापाप्रमाणे, बरोबर ४०१ मिलिमीटर. आम्ही मनोमन आनंदलो. नातू मात्र टेबलाशी डोळे लावून बसला होता. त्याने मागची चाके टेकलेली ठेवून बोटाने नाक उचलले, खरे विमान उडताना उचलते तसे. नाक थोडेसे वर गेले आणि शेपटीचे पोट टक्कन टेबलाला लागले.

बोइंग तेथेच अडली होती. डीसी-८ उंच पायांवर उभे असे. ७०७ चे पाय आखूड होते. धावपट्टी सोडताना विमान मागच्या चाकांवर उलटे तोलते. पुढचे वर जाते तितके मागचे खाली येते. मागे लांबी वाढली आणि पाय तेवढेच राहिले, तर शेपूट जमिनीला घासणार. दादांचे "चाके?" हे त्याच शंकेचे टिपण होते.

आम्ही आमच्या बुद्धीप्रमाणे तोडगे सुचवले. पहिला म्हणजे, राहू द्यावे. काचेच्या कपाटात कोण नाक उचलून पाहणार? दुसरा, पायच थोडे उंच करावेत. नातवाने दुसऱ्या तोडग्यावर एक दिवस विचार केला आणि सांगितले, "आजोबा, या विमानाचे पाय आत, पोटाकडे दुमडतात. ते लांब केले तर चाकांना पोटात जागा उरत नाही. जागा करायची तर पंखही नवे आखावे लागतील. मग हे ७०७ राहणारच नाही." पहिल्या तोडग्यावर तो एवढेच म्हणाला, "विमान खोटे आहे हे खरे, पण ते उडू शकेल असे तरी असावे."

उरला एकच मार्ग. मागचा, घासून, रंगाला तयार झालेला सांधा पुन्हा कापायचा आणि शेपटीकडची लांबी कमी करायची. एअरबसचे उदाहरण त्याच्यापुढे होते. ए३२० लांबवून ए३२१ केले तेव्हा पुढे ४.२७ मीटर आणि मागे २.६७ मीटरच वाढवले गेले. परंतु तसे करणे म्हणजे दादांची मापे मोडणे. एवढ्या गोष्टीसाठी तो विचारावयास पुन्हा वहिनींकडे गेला. वही उघडून त्याने ते प्रश्नचिन्ह दाखवले. वहिनींनी चष्मा लावून पान पाहिले. "त्यांना उत्तर सापडले असते तर हे चिन्ह त्यांनी पुसले असते," त्या म्हणाल्या. "मापाला कवटाळून बसणारा माणूस नव्हता तो. काप."

मागच्या तुकड्यातून १५ मिलिमीटर गेले, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे सात फूट. विमान ३८६ मिलिमीटरचे झाले. नाक उचलले की शेपटीखालून आता बोट सरकते.

रंगाच्या वेळी आणखी एक विघ्न आले. खिडक्यांच्या आणि अक्षरांच्या छापील पट्ट्या पाण्यात भिजवून लावायच्या असतात. त्या इतक्या वर्षांत पिवळ्या पडल्या होत्या. पहिली पट्टी पाण्यात टाकताच तिचा भुगा झाला. मग उरलेल्यांवर आधी वार्निशचा हात देऊन, तो वाळवून त्या भिजवल्या, तेव्हा कुठे त्या टिकल्या. तरीही दोन्ही खोक्यांतल्या पट्ट्या मिळून लांब धडाला खिडक्या कमी पडल्या. त्या उरलेल्या खिडक्या वहिनींनी बारीक कुंचल्याने रंगवल्या. ठिपक्यांच्या रांगोळीत मुरलेला हात. छापील कोणती आणि हातची कोणती, हे आम्हांला आजही सांगता येत नाही.

परीक्षा झाली, निकालही बरा लागला. भाचे पेढे घेऊन आले तेव्हा विमान कपाटात होते. त्यांनी ते काही न बोलता बाहेर घेतले, टेबलावर ठेवले आणि स्वतःच्या बोटाने नाक उचलून शेपटीखाली वाकून पाहिले. मग म्हणाले, "मामा, टेकत नाही की हो." आम्ही म्हटले, "नाही टेकत."

दुसऱ्या विमानाचे उरलेले नाक, शेपूट आणि पंख वहिनींनी एका खोक्यात नीट ठेवून त्याला सुतळी बांधली. येत्या दिवाळीला कपाटावरून एकच खोका खाली येईल आणि तोही हलका. वही आता नातवाच्या टेबलावर असते. शेवटच्या पानावरचे प्रश्नचिन्ह त्याने पुसलेले नाही. त्याच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले आहे : "मागचा तुकडा २० मि.मी."