'लाय' आणि 'ले'

इंग्रजीतील 'लाय' म्हणजे आडवे होणे किंवा पडून असणे, आणि 'ले' म्हणजे एखादी वस्तू आडवी ठेवणे. पहिले क्रियापद अकर्मक, म्हणजे ज्याची क्रिया कर्त्यापाशीच थांबते असे, तर दुसरे सकर्मक, म्हणजे ज्याला कर्म लागते असे, एवढा भेद शालेय व्याकरणे सांगतात. या दोहोंचे नाते मात्र ती सहसा सांगत नाहीत, आणि मराठी वाचकासाठी खरी मौज त्या नात्यातच आहे. 'ले' हे 'लाय'चे प्रयोजक रूप होय. प्रयोजक म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया घडवून आणण्याचा अर्थ देणारे. मूळ जर्मानिक भाषेत ते एका प्रत्ययाने साधत असे. पुढे प्रत्यय झिजला आणि त्याच्या जागी उरला तो केवळ स्वराचा फरक. 'सिट' आणि 'सेट' ही जोडीही याच घडणीची आहे, आणि त्यातील 'सेट' व संस्कृतातील 'सादयति' ही तर एकाच प्राचीन रूपाची संतती आहे. संस्कृत 'पतति' आणि 'पातयति' यांपासून प्राकृतमार्गे मराठीत 'पडणे' आणि 'पाडणे' आले, तेव्हा येथेही प्रत्यय गळाला आणि दीर्घ 'आ' तेवढा राहिला.

मग जे मराठीत मुलालाही चुकत नाही, ते इंग्रजीत भल्याभल्यांना का चुकते? कारण 'लाय'चा भूतकाळ नेमका 'ले' होतो. 'झाड पडले' आणि 'त्याने झाड पाडले' या वाक्यांत स्वर वेगळा असतोच, शिवाय सकर्मक भूतकाळात कर्त्याला 'ने' लागून सारी वाक्यरचनाच बदलते. इंग्रजी कर्त्यावर अशी कोणतीही खूण उमटत नाही. बायरनने 1818 मध्ये 'चाइल्ड हॅरल्ड'च्या चौथ्या सर्गात 'लाय'च्या जागी 'ले' योजले, त्यामागे यमकाची सोय उघड दिसते. बॉब डिलनच्या 1969 मधील 'ले लेडी ले' या गीताच्या तर शीर्षकातच तो प्रयोग आहे. अशा प्रयोगांना निव्वळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण बोलीतील इंग्रजीत हा भेद कधीचाच सैल झाला आहे.

'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे पाडणे (परीक्षेतले 'फेल' नव्हे) या जोडीतही 'फॉल'चा भूतकाळ 'फेल' असाच होतो. तरीही तेथे घोटाळा क्वचितच होतो, कारण पाडण्याच्या अर्थाचे 'फेल' आता मुख्यतः लाकूडतोड्याच्या कामापुरतेच उरले आहे.