अमर नवरा आणि नकाराचा हक्क

भाईंदरहून सकाळची चर्चगेट लोकल सुटते तेव्हा महिलांच्या डब्यात निम्म्या माना मोबाईलमध्ये खुपसलेल्या असतात. आमच्या अभ्यासवर्गाला येणाऱ्या मुलींना आम्ही एकदा विचारले, एवढे काय वाचता? उत्तर आले, "लव्ह स्टोरी, दादा. हिरो पाचशे वर्षांचा योद्धा आहे. त्याला मरणच नाही." सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो.

नंतर आमच्यात वाद झाला. एक कार्यकर्ता म्हणाला, हा कचरा बंद करायला सांगा. दुसरा म्हणाला, दिवसभर राबणाऱ्या पोरी आहेत, वाचू द्या. आम्हाला वाटते, दोघेही चुकतात. वाचायला बंदी घालणे हा आपला मार्ग नव्हे. पण चिकित्सा न करता गिळणे हाही आपला मार्ग नव्हे.

या कथांचा साचा ठरलेला असतो. नायक अमर, शूर, श्रीमंत आणि बहुतेक वेळा राजघराण्यातला. नायिका साधी, कॉलेजात जाणारी किंवा नोकरी करणारी. तो तिला निवडतो. ती आधी नाही म्हणते. पण त्या नकाराला किंमत नसते, कारण त्यांचे नाते म्हणे जन्मोजन्मीचे असते आणि ते तिला अजून कळलेले नसते! तो तिचा पाठलाग करतो, त्याला संरक्षण म्हणतात. तिच्या वतीने निर्णय घेतो, त्याला प्रेम म्हणतात. २००५ साली आलेल्या 'ट्वायलाइट' कादंबरीत नायकाने शंभर वर्षे पाहिली आहेत आणि नायिका सतरा वर्षांची आहे. ती झोपलेली असताना तो तिला न सांगता तिच्या खोलीत येऊन तिला बघत बसतो. हेच जर मीरा रोडच्या एखाद्या सोसायटीत घडले, तर आपण पोलीस स्टेशन गाठू.

मित्रांनो, अमर योद्धा आणि माणसाची मुलगी ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. आपल्याकडे ती कादंबरीत नव्हती, प्रत्यक्ष घडत होती.

जेजुरीचा खंडोबा हा घोड्यावर बसणारा, हातात खांडा घेतलेला, मणी-मल्लाला मारणारा योद्धा देव. मूल व्हावे म्हणून आईबाप नवस बोलत आणि झालेली मुलगी त्याला वाहत. अंगाला भंडारा लागे, गळ्यात कवड्यांचा गाठा पडे आणि तिचे देवाशी लग्न लागे. ती मुरळी होई. नवरा अमर, म्हणून ती कधी विधवा होणार नाही, हे तिचे मोठे भाग्य सांगितले जाई. पण याची दुसरी बाजू कोणी सांगत नसे. जो नवरा मरत नाही, त्याच्यापासून सुटकाही नाही. तो घरात पीठ आणत नाही, आजारपणात उशाशी बसत नाही, लेकराला नाव देत नाही. तिने दुसरा संसार मांडायचा म्हटले तर ते पाप. आणि तिच्या शरीरावर हक्क सांगायला गावातली मरणारी माणसेच पुढे येत. वाहिलेल्या मुलींत आपल्या अस्पृश्य वस्त्यांतल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांना कोणी विचारले होते का, तुला हा नवरा हवा आहे का?

हा प्रश्न आपल्याच माणसांनी विचारला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले आणि मुरळी प्रथेविरुद्ध आवाज उठवला. त्याच मासिकात शिवूबाई या मुरळीचे पत्र छापून आले. एक बाई स्वतःच्या आयुष्याबद्दल स्वतःच्या नावाने बोलली. पुढे १९०९ साली चळवळीतले गणपतराव गायकवाड यांनी तिच्याशी लग्न केले. आम्हाला विचाराल तर खरी प्रेमकथा ही आहे. यातला नायक अमर नव्हता. समाज काय म्हणेल याची भीती असलेला साधा माणूस होता. आणि नायिकेने आधी तोंड उघडले होते.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी जमल्या, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांची खोटी समजूत काढली नाही. हे लाजिरवाणे जिणे सोडा, लग्न करून इतरांसारखे जगा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. देवाशी लग्न होणे हा मान आहे, ही कल्पनाच त्यांनी नाकारली. ज्या परळ-लालबागमधून आपली कित्येक कुटुंबे पुढे भाईंदरला राहायला आली, त्याच परळची ही गोष्ट आहे. ती आपल्या मुलींना माहीत असायला हवी.

कायदेही आले. १९३४ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने मुलगी देवाला वाहणे बेकायदा ठरवले आणि अशा स्त्रीने केलेले लग्न वैध मानले. २००५ साली महाराष्ट्राने प्रथेच्या निर्मूलनाचा नवा कायदा केला. सत्तर वर्षांनी पुन्हा कायदा करावा लागतो, याचा अर्थ प्रथा कागदावर मेली तरी डोक्यात जिवंत राहते. 'तू निवडली गेली आहेस, म्हणून तू भाग्यवान' हे वाक्य आज मोबाईलवर नव्या कपड्यांत येते.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मांडला, तो याचसाठी. नवरा देव नाही, माणूस आहे. त्याच्याशी पटले नाही तर बाहेर पडता आले पाहिजे. ज्या नात्यातून बाहेर पडता येत नाही त्याला प्रेम म्हणत नाहीत, तो वेठबिगार आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : वाचा, पण प्रत्येक कथेला दोन प्रश्न विचारा. तिला नाही म्हणता येते का? आणि हो म्हटल्यावरही उद्या निघून जाता येते का? उत्तर नाही असेल, तर तो नायक कितीही देखणा असो, त्याच्या हातातला हार म्हणजे तोच कवड्यांचा गाठा आहे.

आणि मुलींनो, नुसते वाचू नका, लिहासुद्धा. शिवूबाईने १९०९ साली लिहिले. तुमच्या हातात तर मोबाईल आहे.

जय भीम!