प्रचाराचे वाङ्मय!

वऱ्हाडातील साहित्यरसिकांशी माझे एक जुने भांडण आहे. ते यंदा फराळाच्या ताटाशीच मांडतो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे नाव काढले की अमरावतीचा रसिक ‘केवढे हे क्रौर्य’मधल्या पाखरासाठी डोळे पुसतो. पण त्याच हाताने लिहिलेल्या ख्रिस्ती भजनांचा विषय निघू द्या, स्वारी घड्याळ पाहू लागते. “अहो, ते प्रचाराचे वाङ्मय!” असे एका प्राध्यापकमहाशयांनी मला भर सभेत सुनावले. म्हटले, महाराज, तुकोबांनी अभंग काय वृत्तांचा सराव म्हणून रचले? भक्ताने आपल्या देवाला आळवायचे नाही, तर कोणाला?

आणि ही आळवणी स्वस्तात झालेली नाही. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई माहेरच्यांच्या आश्रयाला. नवरा जिवंत, पण धर्माने परका. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या आणि 1900 साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचून आपण खळखळून हसतो, ते योग्यच आहे. पण त्या हसण्याखालची ही वर्षे विसरून भजने वाचाल, तर ती कोरडीच लागतील. जातीने टाकलेला हा माणूस ख्रिस्ताला माउली म्हणतो, तो अलंकार म्हणून नव्हे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. आमचे टीकाकार पुलाचे कौतुक करतात, पण त्यावरून चालत गेलेल्याला ओळख देत नाहीत!

ख्रिस्ती मंडळींनाही मी मोकळे सोडणार नाही. अकोला हे अलायन्स मिशनचे जुने ठाणे. त्या मिशनचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन स्वतः गीतकार होते. पण सिम्प्सनांची भाषा इंग्रजी, आपली मराठी. विलायती चालीवर मराठी शब्द ताणले की ऱ्हस्वाचे दीर्घ होते आणि अर्थ दाराबाहेर उभा राहतो. टाळ-मृदंग घरात असताना ही ओढाताण कशासाठी? शिवाय टिळकांचे भजन तोंडपाठ, पण ते कोणाचे हे ठाऊक नाही, अशी तरुण पोरे मी पाहिली आहेत.

आता रिद्धपूरकडे वळा. अमरावती जिल्ह्यातले हे गाव. महदाइसेने तेराव्या शतकात इथेच धवळे रचले; विधवा बाईने रचलेली लग्नगीते! पुढे महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत बंद झाल्या आणि थेट विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे-भाव्यांच्या हाती उलगडल्या. तोवर पंथाबाहेरचा मराठी माणूस या धनाला मुकला. तिथे निदान लिपीचे कुलूप तरी होते. ख्रिस्ती भजने तर बाळबोध अक्षरांत छापलेली आहेत. ‘उपासना-संगीता’त एकट्या टिळकांचीच दोनशेहून अधिक. हे कुलूप आपण आपल्या हाताने घातले आहे.

त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. त्याने ही भजने अभ्यासाला लावावीत. आणि नुसते पुस्तक मागवून भागणार नाही. अकोल्याच्या मंडळीतील म्हाताऱ्या गाणाऱ्यांना सन्मानाने बोलवावे. चाली त्यांच्या गळ्यात आहेत, आणि त्यांची वये झाली आहेत.