ओहमला फाशी, वॅट मोकाट

ब्रिटनमध्ये व्हेप ओढणाऱ्यांत दोन समजुती इतक्या मुरल्या आहेत की त्यांना पुरावा मागावा असं कुणाच्या मनातही येत नाही. एक, कॉइलचा, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, ओहममधला रोध जितका कमी तितका झुरका कडक. दुसरी, कमी ओहमची कॉइल बॅटरी खाते. (आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, उत्पादन, विक्री सगळंच बंद आहे. शिवाय व्हेपची वकिली करायला मी बसलेलो नाही. माझं भांडण चुकीच्या हिशेबाशी आहे.)

पूर्वपक्षाचं माप आधी त्याच्या पदरात पुरतं घालू. मेकॅनिकल मॉड म्हणजे धातूची नळी, आत एक सेल आणि खाली बटण. मधे सर्किट नाही. पूर्ण भरलेला लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्ट देतो. त्यावर १.५ ओहमची कॉइल लावली तर २.८ अँपिअर वाहतात आणि १२ वॅटच्या आसपास उष्णता निघते. ०.५ ओहमची लावली की ८.४ अँपिअर आणि ३५ वॅट. ‘१८६५०’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चांगल्या सेलमध्ये ११ वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा असते. झुरका तीन सेकंदांचा धरला, तर कागदावर पहिल्या कॉइलला अकराशे झुरके मिळतात, दुसरीला पावणेचारशे. इथे दोन्ही समजुती खऱ्या ठरतात, हे मान्य.

पण वॅट ठरवता येणाऱ्या उपकरणात खेळच बदलतो. आपण वॅट सांगायचे. सर्किट कॉइलचा रोध मोजतं आणि त्या बेताने व्होल्ट चढवतं-उतरवतं. ४० वॅटसाठी ०.२ ओहमच्या कॉइलला २.८ व्होल्ट लागतात, १ ओहमच्या कॉइलला ६.३. सेलमधून मात्र दोन्ही वेळा ४० वॅटच जातात, वर सर्किटची थोडी गळती. गंमत पुढेच आहे. सेल भरलेला असताना हे ४० वॅट साडेनऊ अँपिअरमध्ये भागतात. तोच सेल ३.२ व्होल्टवर आला की साडेबारा अँपिअर द्यावे लागतात. सेल थकेल तसं त्याच्यावरचं ओझं वाढतं, आणि त्यात ओहमचा काडीचाही संबंध नसतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘०.२ ची कॉइल लावल्यापासून बॅटरी दुपारीच मान टाकते, त्याचं काय?’ अनुभव खरा आहे, निदान चुकलं आहे. तसल्या कॉइलमध्ये बहुधा धातू जास्त असतो, पृष्ठभाग मोठा असतो. पंधरा वॅटला ती धड तापत नाही, म्हणून माणूस आकडा साठावर नेतो. बॅटरी संपवली त्या साठ वॅटनी. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

आता ‘कडक’पणाकडे वळू. १ ओहमच्या दोन सारख्या कॉइल समांतर जोडा, मीटर ०.५ दाखवेल. पण ४.२ व्होल्टवर प्रत्येक कॉइलला पूर्वीइतकेच, म्हणजे साडेसतरा वॅट मिळतात. वाफ जवळपास दुप्पट होईल, पण तारेच्या प्रत्येक मिलिमीटरवरची उष्णता तसूभरही वाढत नाही. उलट तेच ०.५ ओहम एकाच आखूड तारेतून काढले, तर ३५ वॅट इवल्याशा पृष्ठभागावर एकवटतात. मीटरवर आकडा एकच, घशात फरक जमीन-अस्मानाचा. द्रव कॉइलमधल्या कापसातून तारेपर्यंत किती वेगाने पोचतो, हवा किती खेळते, हे तर ओहममध्ये कुठे दिसतच नाही. कापूस ओला आहे तोवर उकळता द्रव तारेला लगाम घालतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला. कापूस सुकला की लगाम सुटतो आणि जळका, नाक मुरडायला लावणारा झुरका येतो.

एकच आकडा धरून बसण्याची खोड व्हेपच्या विरोधकांनाही आहे. २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र आलं: ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड सापडलं नाही, ५ व्होल्टला भरपूर सापडलं. ग्रीक हृद्रोगतज्ज्ञ कॉन्स्टंटिनोस फार्सालिनोस यांनी आक्षेप घेतला की तेवढ्या तापलेल्या कॉइलचा जळका झुरका माणूस ओढूच शकणार नाही. मला त्यांचा मुद्दा पटतो. त्याने व्हेप निर्दोष ठरत नाही, पण कॉइल सोडून नुसत्या व्होल्टवर निकाल देणंही हिशेबात बसत नाही.

मग ओहम टाकाऊ आहे का? मुळीच नाही. त्याची खरी जागा चवीत नाही, सुरक्षिततेत आहे. बिनसर्किटच्या नळीत ०.२ ओहमची कॉइल भरल्या सेलकडून २१ अँपिअर मागते, आणि पुष्कळ सेल सलग २० अँपिअरही देऊ शकत नाहीत. सेलचा स्वतःचा रोध २० मिलिओहम धरला, तरी २० अँपिअरला ०.४ व्होल्ट आतल्या आत गळतात आणि ८ वॅट उष्णता सेलच्या पोटातच तयार होते. हातातली नळी गरम लागते, ती यामुळेही. तिथे कॉइलचा रोध मोजल्याशिवाय बटण दाबणं हा शुद्ध आगाऊपणा आहे.

ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद केली. पुन्हा वापरण्याजोगं म्हणायचं तर बॅटरी चार्ज झाली पाहिजे, द्रव भरता आला पाहिजे आणि कॉइल सुटी मिळून बदलता आली पाहिजे. म्हणजे कॉइल निवडणं आता आणखी कितीतरी गिऱ्हाइकांच्या गळ्यात पडलं आहे. मग खोक्यावर ओहम ठळक आणि वॅटची मर्यादा भिंग घेऊन शोधावी अशी कशाला? वॅट मोठ्या अक्षरात छापा, सेलला किती अँपिअर सोसतील ते शेजारी लिहा, आणि ओहम खाली बारीक असला तरी चालेल.