सुईची रोजनिशी

खांडबाऱ्याच्या स्टेशनाबाहेर, रुळांपासून दूर, होकायंत्र हातीं धरलें म्हणजे त्याची सुई उत्तरेकडे वळून स्वस्थ बसते. तेंच यंत्र रुळाजवळ किंवा ह्या भागांतील काळ्या कातळावर ठेवलें, तर ती थोडी भांबावते; कारण लोखंडाप्रमाणें ह्या कातळांतहि चुंबकत्व असतें. पण दूर ठेवलेली सुई तरी खरोखर स्वस्थ असते काय? सूक्ष्म यंत्रानें पाहिल्यास ती दिवसभर किंचित् हलतांना आढळते. ह्या हालचालींचा अर्थ लावणें हें संख्याशास्त्राचें काम असून, तें आपल्या प्रांतांत फार पूर्वीं सुरू झालें आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जात. माणसानें ठरल्या वेळीं यंत्राशीं जावें व आंकडा वहींत उतरावा, असा तेव्हांचा परिपाठ. १८९६ मध्यें नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे ह्या वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक झाले. त्यांनीं १८४६ ते १९०५ ह्या साठ वर्षांचे वेध तपासून १९१० मध्यें ते विवेचनासह प्रसिद्ध केले.

एवढ्या आंकड्यांतून अर्थ निघतो कसा? पंचांग पाहणाऱ्या घरांत हें समजावून देणें सोपें आहे. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटें उशिरां माथ्यावर येतो. वर्षानुवर्षांचे वेध घड्याळाच्या तासांप्रमाणें मांडून सरासरी काढली, तर सूर्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. तेच वेध चंद्राच्या स्थितीप्रमाणें मांडले, तर सूर्याचा परिणाम इतस्ततः विखरून जवळजवळ नाहींसा होतो आणि चंद्राचा अतिसूक्ष्म परिणाम मागें उरतो. परस्परसंबंध नसलेल्या लहानसहान चुका १०० दिवसांच्या सरासरींत सुमारें दहाव्या हिश्श्यावर येतात. मूस ह्यांनीं चुंबकीय वादळांसहि हीच युक्ति लाविली. प्रत्येक वादळाचा आरंभ एकाच रेषेवर आणून सरासरी घेतां त्यांस सर्वांचें समान रूप दिसलें: प्रथम क्षितिजसमांतर बलाची किंचित् वाढ, मग मोठी घट, व शेवटीं सावकाश पूर्वस्थिति. आज संगणक हेंच कार्य क्षणार्धांत करतो.

पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचें ठरलें. त्या १९०७ मध्यें धांवूं लागल्या. त्यांच्या विद्युत्प्रवाहानें वेध बिघडणार, म्हणून अलिबाग येथें लोखंड टाळून नवी वेधशाळा बांधण्यांत आली. १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे वेध चालू ठेविले. जुनी पायली मोडीत काढण्यापूर्वीं जाणती गृहिणी तेंच धान्य दोन्ही पायल्यांनीं मोजून पाहते, तसाच हा प्रकार. त्यामुळें जुन्या व नव्या वह्यांचा सांधा जुळला.

त्या वह्यांचें मोल पुढें कळून आलें. २ सप्टेंबर १८५९ रोजीं कुलाब्याच्या नोंदींत क्षितिजसमांतर बल सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं घटलेलें आहे. पृथ्वीचें एकंदर चुंबकीय बल आपल्याकडे ४०,००० नॅनोटेस्लांहून थोडें अधिक असतें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या घटीचा मोठेपणा कळेल. ह्या नोंदीचा अभ्यास करून अमेरिकन व भारतीय शास्त्रज्ञांनीं २००३ मध्यें त्या महावादळाविषयीं निबंध प्रसिद्ध केला. १३ मार्च १९८९ रोजीं त्याहून पुष्कळ लहान वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज सुमारें नऊ तास घालविली. विजेच्या तारा खेडोपाडीं पोंचलेल्या असतां, असें वादळ कितपत मोठें होऊं शकतें हा प्रश्न आपल्याहि घरचाच आहे. आणि त्याचें उत्तर शोधावयास १८५९ सालीं वेळेवर यंत्राशीं गेलेल्या माणसांची वही उपयोगीं पडते.

ज्या मुलामुलींस ह्या विद्येची आवड असेल, त्यांस आमची एक सूचना आहे. घरीं उष्णतामापक टांगून रोज एकाच वेळीं आंकडा वहींत लिहावा व हा नेम वर्षभर चालवावा. एखादा दिवस चुकला तर तो रकाना रिकामा ठेवावा, अंदाजानें भरूं नये. रिकाम्या रकान्यासाठीं गणितांत तोड काढतां येते. खोट्या आंकड्यास मात्र खऱ्यापासून वेगळें ओळखणें मागाहून फार कठीण होऊन बसतें.