संख्येला 'उपयोग' विचारू नका

ऑक्टोबर २०२४ मध्ये एका नव्या मूळ संख्येची घोषणा झाली. जगभरच्या हौशी मंडळींच्या शोधमोहिमेत अमेरिकेच्या ल्यूक ड्युरांट यांना ती सापडली. १३,६२,७९,८४१ वेळा २ मांडून त्या सर्वांचा गुणाकार करायचा आणि त्यातून एक वजा करायचा, की ती संख्या मिळते. ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. एवढ्या प्रचंड संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही!

हे सांगितले की पहिला प्रश्न येतो, "पण उपयोग काय?" हा प्रश्न माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. "संभाजीनगरला जाऊन बी. ए. करते, त्याचा उपयोग काय?" असे गावात दर सुट्टीला ऐकते. म्हणून या संख्येची बाजू घ्यावीशी वाटते.

मूळ संख्यांचा उपयोग नाही असे नाही. संगणकावरचे व्यवहार गुप्त राखण्यासाठी दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार कुलपासारखा वापरतात. गुणाकार करणे सोपे. पण त्यावरून त्या दोन संख्या हुडकणे महाकठीण. मात्र तेथे काही शे अंकांच्या संख्या पुरतात. चार कोटी अंकांची तेथे गरजच नाही. तेव्हा उपयोगाच्या तराजूत ही संख्या हलकीच ठरणार.

मग तराजूच बदलायला हवा. नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी तो बदलला होता. २१ मध्ये तिचेच अंक मिळवा : २१ + २ + १ = २४. म्हणजे २४ चा जन्म २१ पासून झाला. पण ३१ अशी कोणत्याच संख्येपासून जन्मत नाही. २४ पासून ३० येते, २५ पासून एकदम ३२. अशा संख्यांना कापरेकरांनी 'स्वयंभू' म्हटले. गंमत अशी, की ३१ ही मूळ संख्याही आहे. आणि पाच वेळा २ गुणून एक वजा केला की तीच येते. म्हणजे ती त्या विराट संख्येच्याच कुळातली!

यासाठी कापरेकरांना प्रयोगशाळा लागली नाही. कागद, पेन्सिल आणि चिकाटी पुरली. आपल्याकडे त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले.

कला शाखा घेतली की गणिताशी फारकत, असे आपण समजून चालतो. मला हे मान्य नाही. कविता वाचायला कवी असावे लागत नाही, तसेच ३१ चे नवल वाटायला गणितज्ञ असावे लागत नाही. गुरुजनांना विनंती आहे की, वर्षातून एक तास तरी आम्हा कला शाखेच्या मुलांना संख्यांविषयी सांगावे. परीक्षेत त्यावर प्रश्न नको. गरिबाच्या मुलांना निव्वळ आनंदासाठी काही शिकण्याचा हक्क आहे, एवढे त्यातून सिद्ध झाले तरी पुरे.