जर्मन छत्रीधारी आणि आपलं भाबडं कौतुक

"जर्मन म्हणजे परफेक्ट इंजिनिअरिंग" हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. दुसऱ्या महायुद्धातले जर्मन छत्रीधारी सैनिक हे तर या भक्तमंडळींचं लाडकं उदाहरण. चला, जरा आत डोकावून बघू या.

ही माणसं लष्कराची नव्हेत, हवाई दलाची, म्हणजे लुफ्तवाफेची. युंकर्स ५२ विमानातून एका वेळी डझनभर जण उडी मारत. छत्रीच्या दोऱ्या पाठीमागे एकत्र बांधलेल्या, त्यामुळे दिशा बदलता येत नसे आणि माणूस पुढच्या बाजूला आपटे. यावर उपाय काय? तर गुडघ्यांना पॅड! रायफली, मशिनगन वेगळ्या पेट्यांतून खाली येत. बहुतेकांच्या अंगावर फक्त पिस्तूल, हातबाँब आणि चाकू.

बग तसाच ठेवून वरून पॅच मारायचा, हे आपल्याला नवीन नाही. पण इथे किंमत जिवाने मोजली. २० मे १९४१ ला क्रीट बेटावर कित्येक जण पेट्यांपर्यंत पोचण्याआधीच मारले गेले. बेट जिंकलं खरं, पण ३,००० हून जास्त जर्मन मेले किंवा बेपत्ता झाले. एवढी मोठी उडी हिटलरने पुन्हा होऊ दिली नाही.

आणि राग निघाला कुणावर? २ जूनला कोंडोमारी गावातल्या पुरुषांना या छत्रीधाऱ्यांनीच गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी कांदानोस गाव जमीनदोस्त झालं.

तेव्हा "एलिट" म्हणण्याआधी ही दोन नावं गूगल करा. मग बोलू.